पीक आलं, पण कोणाचं?

(आर्वी तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महोदय आणि शिक्षक बंधू-भगिनींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'गॅस क्रोमॅटोग्राफीने अज्ञात संयुगं ओळखायला मुलांना कसं शिकवावं'. एवढं एका ओळीत मावेना म्हणून छापखान्याने 'गॅस' वरच्या ओळीत ठेवला आणि बाकीचं खाली ढकललं. त्यामुळे सकाळपासून दोघा पालकांनी मला सबसिडी खात्यात का येत नाही ते विचारलंय. त्यांना मी मधल्या सुटीत भेटतो.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. गॅस क्रोमॅटोग्राफीचं यंत्र म्हणजे मिश्रणातली संयुगं वायूच्या झोतात एकमेकांपासून वेगळी करणारं यंत्र. आमच्या शाळेत ते नाही. तुमच्यापैकी कोणाच्या शाळेत असेल तर हात वर करा, मी उद्याच बदलीचा अर्ज टाकतो. नाही ना? मग जे यंत्र आपल्याकडे नाही त्यावर पाऊण तास कशाला बोलायचं? तर एका पोराच्या प्रश्नामुळे.

या यंत्राच्या कागदावर जे टोकदार शिखर उमटतं त्याला पीक म्हणतात. पहिल्या वर्षी मी फळ्यावर आलेख काढला आणि म्हटलं, "तिसऱ्या मिनिटाला पीक आलं." मागच्या बाकावरून आवाज आला, "कोणतं जी? पऱ्हाटी का सोयाबीन?" वर्ग हसला, मीही हसलो. सायकलवर घरी जाताना मात्र ते डोक्यातून जाईना. पोराने नेमकं विचारलं होतं. पीक आलं इतकंच कागद सांगतो. कोणाचं आलं, हे कागदाला ठाऊक नसतं, आणि आपण मात्र मुलांना कागद पाहून नाव लिहायला लावतो. माझं भांडण एवढंच आहे. ते नीट मांडायला थोडा इतिहास लागेल, मग बाजार, मग एक सरकारी कार्यालय.

इतिहास थोडक्यात. मिखाईल त्स्वेत नावाचा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये काम करायचा. पानांचा अर्क त्याने कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीने भरलेल्या नळीतून खाली सोडला, तर हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. १९०६ मध्ये त्याने याला क्रोमॅटोग्राफी म्हटलं, म्हणजे रंगलेखन. गंमत अशी की रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग. आता त्याने पद्धतीला हळूच स्वतःचं नाव दिलं का, हे तुम्ही ठरवा. पुढे मार्टिन आणि सिंज या दोघांनी ही विद्या फार पुढे नेली. ते लोकरीच्या संशोधन संस्थेत होते, हे कापसाच्या मुलखात मुद्दाम सांगतो. १९५२ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्याच वर्षी मार्टिनने जेम्स या सहकाऱ्याबरोबर वायूवर चालणारी पद्धत प्रसिद्ध केली. तिथे रंग उरलाच नाही, नाव तेवढं राहिलं.

त्स्वेतचा प्रयोग आठवीच्या वर्गातही होतो. खडूला खालून बोटभर जागा सोडून काळ्या स्केचपेनचं कडं काढायचं आणि खडू बशीतल्या पाण्यात उभा करायचा. काळ्यातून निळा, जांभळा, कधी तांबूस असे रंग वर चढतात. आपला खडू बहुधा जिप्समचा असतो, त्स्वेतच्या भुकटीसारखा नाही, पण चालतो. शाळेत दुसरं काही नसलं तरी खडू असतोच. असतो ना? मागे कोणीतरी 'नाही' म्हणालं. ते आपण चहाच्या वेळी बोलू.

आता बाजार. आठवडी बाजाराच्या एका टोकाने मी आणि आमच्या सौभाग्यवती एकाच क्षणी आत शिरतो. त्यांच्या हातात यादी. वांगी, सांभार, लसूण, झालं. दहा मिनिटांत त्या पलीकडच्या टोकाला. मी आलुबोंड्याच्या गाडीवर थांबतो, मग बियाण्याच्या दुकानासमोर, मग एखादा जुना विद्यार्थी भेटतो, तो पुन्हा आलुबोंड्याच्या गाडीवर नेतो. मला चाळीस मिनिटं लागतात. यंत्रात हेच होतं. मागून रेटणारी गर्दी म्हणजे वाहक वायू, नायट्रोजन किंवा हेलियम. गल्ली म्हणजे कॉलम. ३० मीटर लांब, आतून पाव मिलीमीटर रुंद, वेटोळं करून भट्टीत ठेवलेली नळी. तिच्या आतल्या भिंतीवर जो पातळ थर असतो ती दुकानं. ज्याला थराची ओढ जास्त तो रेंगाळतो. आणि मे महिन्याचं ऊन असलं की मीसुद्धा गाडीवर फार थांबत नाही, म्हणून भट्टी तापवली की सगळेच लवकर बाहेर पडतात.

पलीकडच्या टोकाला एक माणूस घड्याळ घेऊन बसलाय. तो डिटेक्टर. हायड्रोजनच्या बारीक ज्योतीत आलेलं जळतं, आयन तयार होतात, विजेची सूक्ष्म धारा वाहते आणि कागदावर शिखर उमटतं. या माणसाला चेहरे दिसत नाहीत. 'चाळिसाव्या मिनिटाला कोणीतरी आलं, बऱ्यापैकी आलं', एवढंच तो लिहितो. आता माझ्याइतकेच आलुबोंडे आवडणारे दुसरे एक सर बाजारात असतील तर?

हे सर पुढे येणार आहेत. आधी कार्यालय.

ओळख परेड करायची तर आधी ओळखीची माणसं रांगेत उभी हवीत. म्हणजे शुद्ध नमुने, ज्यांना आपण स्टँडर्ड म्हणतो. जिल्ह्याच्या गावी एका महाविद्यालयात हे यंत्र आहे. तिथल्या ओळखीच्या प्राध्यापकांनी एक दिवस द्यायचं कबूल केलं आणि म्हणाले, स्टँडर्ड तुमचे तुम्ही आणा. मी यादी केली. पहिलंच नाव इथिल अल्कोहोल. मंडळी, आपला वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा! परवान्यासाठी मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी अर्ज दोनदा वाचला.

"अर्धा लिटर पाहिजे?"

"हो."

"मुलांना?"

"मुलांना नाही, यंत्राला."

"यंत्र एका टायमाला किती घेते?"

मी अभिमानाने सांगितलं, "एक मायक्रोलिटर. म्हणजे एका मिलीचा हजारावा भाग."

बाबूंनी टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढला आणि बटणं दाबून माझ्याकडे वळवला. पाच लाख. "सर, हे पाच लाख डोज झाले. तुमच्या शाळेचा पट किती हाय?"

मी म्हटलं, चारशे बारा.

बाबूंनी पुन्हा भागाकार केला. "पोरामागं बाराशे. लय होते जी."

मी तिथे रसायनशास्त्राचा पदव्युत्तर माणूस उभा, आणि गणित त्यांचं बरोबर! बाटली अर्ध्या लिटरचीच मिळते, हे मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, तसं लिहून द्या. लिहून दिलं. मग शिक्का गोल हवा, चौकोनी चालत नाही. मग मुख्याध्यापकांचं हमीपत्र. मग साठवणुकीच्या खोलीचा नकाशा, त्यात कपाटाला कुलूप दाखवलेलं. मी नकाशात कुलूप रेखाटलं, तर म्हणाले किल्ली कोणाकडे ते लिहा. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला ते बाबू बदलून गेले होते आणि नव्यांनी विचारलं, "मुलांना?"

मी परत आलो आणि यादीतून इथिल अल्कोहोल खोडलं. वर्गात ही कहाणी सांगितली, तर एक पोरगा सहानुभूतीने म्हणाला, "सर, सॅम्पल मी आणून देतो न. मोहाचं." कुठून आणणार हे मी विचारलं नाही. काही अज्ञातं अज्ञातच राहू द्यावीत.

यात एक गोष्ट हसण्यासारखी नाही, ती सांगून पुढे जातो. 'अज्ञात संयुग' म्हणजे काय असं विचारल्यावर वर्गात एकीने सांगितलं, "गोठ्यातली बिनचिठ्ठीची बाटली." २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या मुलांच्या घरात ती आठवण ताजी आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी एकच नियम फळ्यावर लिहितो. बाटली नाकाला लावायची नाही. वासाने नाव सांगणाऱ्याला त्या दिवशी प्रयोग नाही.

अध्यक्षांकडून चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटे'. म्हणजे खरा विषय आता सुरू करावा लागेल.

तर पंधरा मुलं, सहा गट, एसटीने सकाळी निघालो. अज्ञाताच्या बाटल्या चार. अ, ब, क, ड. स्टँडर्ड आमचे जमले तसे. ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रोपेनॉल, ब्युटेनॉल, इथिल ॲसिटेट. क्रम असा ठेवा. पहिली धाव कोरी, फक्त विद्रावकाची. सिरिंज नीट धुतली नसेल तर मागच्याचं भूत कागदावर येतं, ते मुलांना आधीच दिसू द्या. मग स्टँडर्ड एकेक, तीनदा. हाताने सुई टोचताना वेळ सेकंद-दीड सेकंद मागेपुढे होते, तो फरक त्यांनी स्वतः मोजायचा. मग अज्ञात. मध्ये वीज गेली तर भट्टी पुन्हा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि स्टँडर्ड पुन्हा घ्यायचे. आमची दोनदा गेली.

'ब' बाटलीचं पीक २.४६ मिनिटांना आलं. ॲसिटोन २.४१ ला होतं. पाच गटांनी वहीत लिहून टाकलं, ॲसिटोन. सहाव्या गटातली पोरगी म्हणाली, "पण आयसोप्रोपिल काऊन नाही जी? त्याचं बी तिथंच हाय." पाहिलं तर खरंच, २.४६. उत्कलनबिंदू एकाचा ५६, दुसऱ्याचा ८२ अंश, पण तिथला कॉलम अध्रुवीय, म्हणजे अल्कोहोलला खास धरून न ठेवणारा, त्यावर दोघं जवळजवळ एकत्र बाहेर पडतात. हेच ते आलुबोंडेवाले दुसरे सर! अशा वेळी तीन वाटा आहेत. पहिली, अज्ञातात ॲसिटोनचा थेंब मिसळून पुन्हा टोचायचं. तोच असेल तर शिखर नुसतं उंच होतं. आमच्या शिखराला खांदा फुटला. दुसरी, वेगळ्या थराचा कॉलम. ध्रुवीय कॉलमवर अल्कोहोल बरंच मागे राहतं. रक्तातली दारू तपासतानाही दोन कॉलम वापरतात ते याचसाठी. तिसरी वाट बारावीच्या पुस्तकात आहे. २,४-डीएनपी टाका. या रसायनाने कीटोनला, म्हणजे इथे ॲसिटोनला, नारिंगी-पिवळा साका येतो, अल्कोहोलला नाही. आयोडोफॉर्म चाचणी इथे कामाची नाही, ती दोघांनाही येते. आमच्या परीक्षानळीत साका आला नाही. लाखोंच्या यंत्राशेजारी पाच रुपयांची परीक्षानळी धरून ती पोरगी उभी होती, तो फोटो माझ्याकडे आहे.

मुलांनी उत्तर लिहिताना 'जुळतं' आणि 'आहे' हे दोन शब्द वेगळे ठेवायचे. 'या कॉलमवर, या तापमानाला, अमक्याशी जुळतं. तमकं वगळलं, असं असं करून.' त्या मुलीने 'आयसोप्रोपिल असावं' लिहिलं. प्रात्यक्षिक तपासणाऱ्याने 'असावं'ला लाल गोल करून अर्धा गुण कापला. कोण ते सांगत नाही, ते सभागृहात असू शकतात.

यंत्र नसेल तर छापील आलेख वाटा, मी संच आणलाय, दारापाशी ठेवलाय. अल्कोहोलांची मालिका एकाच तापमानाला घेतली, थरावर अजिबात न थांबणाऱ्याला नळी ओलांडायला लागतो तो वेळ वजा केला आणि उरलेल्या वेळेचा लॉगॅरिथम काढला, तर कार्बनच्या संख्येशी सरळ रेष मिळते. गणिताच्या बाईंना सोबत घ्या. दुसरी चिठ्ठी आली. 'आभार बाकी आहेत'.

'ड' बाटलीचं सांगतो आणि थांबतो. ती मी मुद्दाम भरली होती. टोचली, दहा मिनिटं वाट पाहिली, कागदावर सपाट रेघ. "सर, पीकच नाही आलं. दुबार पेरणी करू का जी?" म्हटलं, करा. पुन्हा सपाट. यंत्राचे तंत्रज्ञ माझ्याकडे रागाने पाहत होते, कारण त्यांना अंदाज आला होता. बाटलीत नळाचं पाणी होतं, आणि त्या ज्योतीला पाणी जवळजवळ दिसतच नाही. पाच गटांच्या वह्यांत होतं, 'ड : काही नाही'. त्या पोरीच्या गटाने लिहिलं होतं, 'ड : बाटलीत अर्ध्यापर्यंत पाण्यासारखं काहीतरी हाय. मशीनला दिसत नाही.'