मागून बघू का?

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आपण सगळे जातो. सहाची वेळ असते, प्रमुख पाहुणे लकडी पुलावर अडकलेले असतात आणि समई तेल घालून तयार असते. मधल्या अर्ध्या तासात आपण भिंतींजवळून फिरतो. आपल्या कापडावरच्या कामाशेजारी विशीतली एक मुलगी उभी असते. आपण तिला म्हणतो, "छान केलंयस हं! किती वेळ लागला?" ती म्हणते, "चार महिने." आपण म्हणतो, "बापरे!" आणि कॉफीकडे वळतो.

मी बरीच वर्षं वस्त्रकला शिकवते. या "किती वेळ लागला"वर माझा राग आहे. प्रश्न वाईट नाही, पण तो फक्त कापडालाच विचारतात. चित्रासमोर उभं राहून हे सहसा कुणी विचारत नाही. सुईदोरा दिसला की आपल्याला चिकाटीचं कौतुक वाटतं, आणि विचार केला असेल हे सुचतच नाही.

ही खोड जुनी आहे आणि फक्त आपली नाही. ॲनी आल्बर्स जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकायला गेल्या, तेव्हा मुलींना बहुधा विणकामाच्या विभागाकडेच वळवलं जाई. त्या काहीशा नाइलाजानेच मागावर बसल्या. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. आपल्याकडे मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी उभे धागे समान अंतरावर धरणारी फणीच विणता विणता काढून टाकली. धागे मोकळे सुटले, वाकले, आणि त्यातून कापडात झाडासारखे आकार आले. आता यांना काय विचाराल, किती वेळ लागला?

मीही चुकले आहे. एका विद्यार्थ्याच्या धावदोऱ्याच्या कामासमोर मी गहिवरून म्हणाले, "आजीच्या गोधडीची आठवण झाली रे!" तो कसनुसं हसला. ती त्याच्या पेठेतल्या पाण्याच्या वेळांची नोंद होती. पाणी आलं तितका टाका, नाही आलं तिथे कोरं कापड. मी माझी आजी त्याच्या कापडावर पांघरून मोकळी झाले होते.

गंमत बघा. केळकर संग्रहालयात अडकित्ते नाहीतर दिवे बघताना आपण किती सहज विचारतो, हे उघडतं कसं, वात कुठे घालायची? कलादालनात शिरलो की तीच माणसं "यातून काय सुचवायचंय?" असं विचारतात. मुलं बिचारी घाबरून भिंतीवरचा मजकूर म्हणून दाखवतात.

त्यापेक्षा एका जागेवर बोट दाखवा, लांबूनच, कारण वड्याचं तेल कापडातून जात नाही. विचारा, इथे रंग का बदलला? निळीच्या पिंपातून कापड वर येतं तेव्हा हिरवट-पिवळं असतं, हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. हे सांगताना मुलांचे हात हलायला लागतात. आणि विचारा, "मागून बघू का?" अस्सल पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, भरतकामाच्या मागे मात्र गाठी, उड्या, बदललेले बेत सगळं सापडतं.

गेल्या वर्षीच्या उद्घाटनात मला सगळ्यात आवडलेला प्रश्न एका शिंप्याने विचारला. बार्शीहून लेकीचं काम बघायला आले होते. पांढऱ्या कापडावर पांढरी मशीनची शिवण, ओळीमागून ओळ, आणि मधूनच लाल ठिपके. लोक ठिपक्यांना रक्त म्हणत होते, कुंकू म्हणत होते. हे चष्मा सरकवून वाकले आणि म्हणाले, "खालचा दोरा सैल ऱ्हायलाय गं."

"मुद्दाम ठेवलाय, आबा. बॉबिनमध्ये लाल भरलाय. सैल सोडला की वर डोकावतो."

मग दोघं वीस मिनिटं बोलत होते. कुठे सैल केला, कुठे आवळला, दोरा तुटला तिथे काय केलं. मी शेजारी उभी राहून ऐकलं. वर्गात वर्षभरात तिने मला यातलं निम्मंही सांगितलं नव्हतं.

शेवटी त्यांनी विचारलं, "बॉबिन केसचा स्क्रू किती फिरवलास?"

"अर्धा फेरा."

"घरच्या मशीनवर केलंस?"

"दिवाळीच्या सुट्टीत."

"तरीच," ते म्हणाले, "पाडव्यापासून एका ब्लाउजला टाका धड बसंना."