दाण्याच्या अलीकडची फांदी

(पक्षी-छायाचित्रणावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी काहींनी आपापल्या परसातले फोटो आधीच माझ्याकडे पाठवले होते. ते मी एकामागून एक, सावकाश पाहिले. चिमण्या होत्या, साळुंक्या होत्या, होले, बुलबुल होते. बहुतेकांचा फोकस नीट होता, उजेडही बरा होता. तरी जवळजवळ प्रत्येक फोटोत तेच दिसत होतं: मान खाली घातलेलं पाखरू, त्याची पाठ आणि पुढ्यात दाण्यांची थाळी. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. खाताना पाखरू मान खालीच घालणार. आपण थाळीवर नेम धरला, म्हणून आपल्याला पाठ मिळाली.

आज मी जे सांगणार आहे ते सगळं एका निरीक्षणातून आलेलं आहे. पाखरू दाण्यावर सरळ कधीच येत नाही. आधी ते जवळ कुठेतरी टेकतं. फांदीवर, कुंपणाच्या तारेवर, भिंतीच्या कडेवर. तिथून चहूकडे बघतं. मांजर आहे का, वर ससाणा फिरतोय का, कालचा तो माणूस आजही खिडकीत आहे का. खात्री पटली की मगच खाली उतरतं. टेकण्यापासून उतरण्यापर्यंतचे हे दोन-चार सेकंद आपले. त्या वेळी पाखरू ताठ असतं, पिसं अंगासरशी बसलेली असतात, डोळा टक्क उघडा असतो आणि पायांची पकड दिसते. ते त्याच्या पूर्ण रूपात असतं.

म्हणून पहिले आठ दिवस कॅमेरा हातात घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. दाणे ठेवा, पाणी ठेवा आणि दुरून बघत बसा. कोण कुठून येतं, कुठे टेकतं, कोणाला बघून कोण उडतं, हे वहीत लिहा. साळुंकी आली की चिमण्या बाजूला होतात, साळुंकी गेली की त्यांचा घोळका परत येतो. याला वेळापत्रक असतं. छोट्या पाखरांनी रात्रभर अंगातली चरबी जाळून ऊब धरलेली असते, त्यामुळे उजाडल्यावर त्यांना पोटाची घाई असते. मावळतीच्या आधी पुन्हा एकदा गर्दी होते. सुदैवाने याच दोन्ही वेळांना उजेड तिरपा आणि मऊ असतो.

आठ दिवसांनी फांदी लावा. थाळीपासून हात-दीड हातावर, बोटाएवढ्या जाडीची, सालीची, जराशी तिरकी. आसपास टेकायला दुसऱ्या सोयीच्या जागा शक्यतो राहू देऊ नका, म्हणजे पाखरू आपणहून तिथेच थांबेल. तुमची लेन्स ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवर फांदी हवी. वरून काढलेल्या फोटोत पाखरू आपल्यापेक्षा लहान दिसतं. डोळ्याला डोळा भिडला की ते त्याच्या जगात दिसतं. आणि फांदी बांधण्याआधी कॅमेऱ्याच्या जागी उभं राहून मागे काय आहे ते बघा. मागची झाडी पाच-सहा मीटर लांब असेल तर तिचा नुसता रंग उरतो. तीच झाडी हातभर मागे असेल, तर एकेक पान पाखराच्या डोक्यातून उगवल्यासारखं दिसतं.

आता थोडं गणित, कारण इथेच अनेकांचे फोटो बिघडतात. समजा ४०० मिलिमीटरची लेन्स आहे, फुल फ्रेम (म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) कॅमेरा आहे आणि फांदी चार मीटरवर आहे. त्या अंतरावर फ्रेमची रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर भरते. चिमणी १५-१६ सेंटिमीटरची, म्हणजे फ्रेम छान भरली. पण एफ ५.६ वर (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा वाढला की छिद्र लहान) खोलीत फक्त तीन-साडेतीन सेंटिमीटरचा भाग स्पष्ट येतो, एफ ८ केलं तर पाचच्या आसपास. पाखरू तुमच्याकडे तोंड करून बसलं, तर चोच स्पष्ट आणि शेपूट धुरकट होणारच. पाखरू फांदीला आडवं बसतं, म्हणून फांदीचं टोक कॅमेऱ्याकडे करून बांधली, तर ते बहुधा बाजू दाखवून बसतं आणि चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं जवळजवळ एका पातळीत येतं. महागड्या लेन्सपेक्षा हा फांदीचा कोन जास्त काम करतो. फोकस मात्र डोळ्यावरच. पंखाचं टोक थोडं पुसट असलं तरी बघणारा ते मनावर घेत नाही. डोळा पुसट असेल तर फोटो गेला.

शटरबद्दल एवढंच: बसलेल्या पाखराला १/१००० सेकंद ठेवा, उतरतानाचा फोटो हवा असेल तर १/२५०० च्या पुढे जा. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला म्हणून घाबरू नका, त्याने फोटोत उमटणारे रवाळ ठिपके नंतर कमी करता येतात, हललेलं पाखरू स्थिर करता येत नाही. बिनआवाजी इलेक्ट्रॉनिक शटरने पाखरू दचकत नाही, पण बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या वेळी सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि फडफडता पंख वाकडा, ओढल्यासारखा उमटतो. बसलेल्यासाठी बिनआवाजी, उडत्यासाठी यांत्रिक, अशी माझी वाटणी आहे.

बटण कधी दाबायचं हे मी कबुतरांकडून शिकलो. कबुतर चालताना मान पुढे-मागे करतं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ते डोकं पुढे फेकतं आणि मग अंग खालून पुढे सरकत असताना डोकं जागच्या जागी स्थिर धरून ठेवतं. १९७८ साली एका प्रयोगात कबुतरांना सरकत्या पट्ट्यावर चालवलं. पट्ट्याच्या गतीमुळे भोवतालचं दृश्य त्यांच्या दृष्टीने जागचं हलेना, तेव्हा त्यांची मान हलायची जवळजवळ थांबली. म्हणजे ती हालचाल चालण्यासाठी नसून बघण्यासाठी आहे. फांदीवरच्या चिमणीचंही तसंच. झटका, मग क्षणभर पूर्ण स्तब्धता, पुन्हा झटका. बघण्यासाठी ती थांबते तेव्हाच आपणही दाबायचं. काही दिवसांनी हा ठेका बोटात बसतो. आणि हो, एखाद्या फोटोत डोळा दुधाळ दिसला तर पाखरू आंधळं आहे असं समजू नका. पापणीच्या आत आणखी एक पातळ पडदा असतो, तो त्या क्षणी डोळ्यावरून सरकलेला असतो.

आता ज्या विषयासाठी मी खरं तर इथे आलो, तो. चार मीटरचं अंतर मी मघाशी सांगितलं. सुरुवातीला मी स्वतः थाळी खिडकीपासून बरोबर तेवढ्याच अंतरावर ठेवली होती, फ्रेम भरते म्हणून. एका सकाळी ससाण्याची सावली पडली, सगळा थवा एकदम उठला आणि एक बुलबुल सरळ शेजारच्या बंद तावदानावर आदळला. काचेत त्याला मागचं झाड दिसलं असणार. मी बाहेर जाईपर्यंत त्याचा जीव गेला होता. त्याच पक्ष्याचे महिनाभरातले कितीतरी फोटो माझ्याकडे होते. उजव्या पंखातलं एक पीस तुटकं होतं, त्यावरून मी त्याला ओळखत असे. मी त्याला बोलावलं होतं. दाणे माझे होते, जागा मी ठरवली होती.

त्यानंतर मी या विषयावर वाचत गेलो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की त्या एका देशात दरवर्षी ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात. परसातल्या थाळीचा यात वाटा कसा ठरतो, तर अंतराने. थाळी काचेपासून मीटरभराच्या आत असेल, तर उडालेल्या पाखराने अजून वेग घेतलेला नसतो, आदळलं तरी इजा थोडी. तीन-चार-पाच मीटरवर ते पूर्ण वेगात येतं. म्हणजे छायाचित्रकाराला जे अंतर सर्वांत सोयीचं, तेच पाखराला सर्वांत घातक. हे कळल्यावर काचेचा बंदोबस्त केल्याशिवाय मी थाळी परत मांडली नाही. काचेला बाहेरून दर पाच सेंटिमीटरवर दोरी सोडली किंवा ठिपके लावले की पाखराला तिथे अडथळा दिसतो. काचेवर ससाण्याचं एखादंच चित्र चिकटवून काही होत नाही, ते चित्र चुकवून बाजूच्या मोकळ्या काचेवर पाखरं आदळतात. मी आता खिडकी उघडी ठेवतो, चौकटीत गडद कापड ताणतो आणि त्याला लेन्सपुरतं भोक पाडतो. फोटोही काचेतून काढण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ येतात.

हे कापडाचं लपण काही नवीन नाही. यॉर्कशरचे रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे बंधू १८९० च्या दशकात जड कॅमेरे आणि काचेच्या प्लेट घेऊन पक्ष्यांमागे फिरले. जवळ जाता यावं म्हणून त्यांनी चक्क पोकळ बैल बनवून घेतला होता, आत माणूस आणि कॅमेरा. गुरं पाखरांच्या रोजच्या बघण्यातली, म्हणून बैल. त्यांचा धीर मला आजही थोर वाटतो. मात्र त्या काळातली घरट्यांच्या फोटोंची आवड आपण पुढे चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एरिक हॉस्किंग यांच्यासारख्या निष्णात ब्रिटिश पक्षी-छायाचित्रकाराने १९३७ साली घरट्यापाशी घुबडाच्या हल्ल्यात आपला एक डोळा गमावला. आपली इजा एकवेळ सोडून देऊ, पण बिथरलेले आई-बाप घरटं टाकून जाऊ शकतात. मोबाइलवर आवाज वाजवून पाखरू बोलावणंही तसंच. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असं समजून ते धावून येतं आणि पिलांना भरवायची वेळ भांडणात घालवतं. थाळीवर यायचं की नाही हे पाखराच्या मर्जीवर असतं. म्हणून मला हे छायाचित्रण प्रिय आहे.

मात्र थाळी स्वच्छ हवी. एरवी शंभर झाडांवर विखुरलेली पाखरं आपण एका वीतभर जागेवर गोळा करतो. १९९४ मध्ये अमेरिकेत हाउस फिंच पक्ष्यांमध्ये डोळ्यांची साथ दिसू लागली. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच पक्षी घशाच्या एका परजीवी रोगाने मोठ्या संख्येने मेले. दोन्हींच्या फैलावात दाण्यापाण्याच्या जागांवरच्या गर्दीचा हात आहे. इथे आपला कॅमेरा कामाला येतो. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी सूज फोटो मोठा करून बघितला की दिसते. पापणी चिकटलेली असते, चोचीभोवती ओलसर चिकटा असतो, ऊन असूनही पाखरू पिसं फुगवून बसलेलं असतं. असा एक जरी फोटो मिळाला तरी त्याच दिवशी थाळी उचला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, घासून, भरपूर धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून ठेवा आणि निदान दोन आठवडे दाणे घालू नका. नेमके त्याच काळात नवे पाहुणे येऊ लागलेले असतील, उजेड सुंदर पडत असेल. तरीही उचला. एरवीही आठवड्याला एकदा धुवायची सवय ठेवा, बुरशी लागलेले दाणे टाकून द्या आणि पाव घालू नका, त्याने पोट भरतं पण पोषण होत नाही.

पाण्याबद्दल अजून बोललो नाही, ते राहून जायला नको. दाणे न खाणारी कितीतरी पाखरं आहेत, किडे टिपणारी, मध पिणारी. ती थाळीकडे ढुंकूनही बघत नाहीत, पण पाण्यावर येतात. दोन ते पाच सेंटिमीटर खोलीचं, खरबरीत तळाचं भांडं पुरतं. अंघोळीचा फोटो काढायला मला सर्वांत आनंद होतो. पाखरू पाण्यात बसलं की काही क्षण त्याचा सावधपणा सुटतो आणि प्रत्येक पीस वेगळं दिसतं. नंतर ते फांदीवर येऊन अंग झाडतं, तो क्षण १/१६०० ने घ्या, थेंब हवेत अडकतात. भांड्यापासून दोन-तीन मीटरवर एखादं झुडूप असावं, भिजलेल्या पाखराला तिथवर उडता आलं पाहिजे. त्याहून जवळ नको, तिथे मांजर दबा धरतं.

मघाशी एकाने विचारलं की रोज त्याच चिमण्या येतात, त्यांचे फोटो किती काढायचे? मी म्हणेन, वर्षभर काढा. त्याच फांदीवर, त्याच अंतरावरून, आणि प्रत्येक फोटोखाली तारीख लिहा. विणीचा हंगाम संपला की चिमण्याची, म्हणजे नराची, सगळी पिसं बदलतात. त्या नव्या पिसांत त्याच्या गळ्याखालचा काळा पट्टा जेमतेम दिसतो, कारण प्रत्येक काळ्या पिसाला फिकट, मातकट किनार असते. पुढचे काही महिने तो फांदीवर येत राहतो, उतरतो, चोच पुसतो, धुळीत लोळतो. किनार थोडीथोडी झिजत जाते. पुढचा हंगाम येईपर्यंत गळा काळाभोर झालेला असतो आणि चोचही फिकटाची काळी होते. गळ्यावर एकही नवं पीस आलेलं नसतं. तुमचे बारा महिन्यांचे फोटो तारखेनुसार शेजारी शेजारी मांडलेत, तर तो काळा रंग एकेका फोटोत वर येताना तुम्हाला दिसेल.