पत्र्याच्या पेटीतली पेन्शन

(दृश्य : पहाट. साखर कारखान्याचं गेट, उसाने भरलेले ट्रॅक्टर.)

ट्रॅक्टरांची रांग गेटापासून पार फाट्यापर्यंत गेलीय. हंगाम सुरू झाला. हवेत मळीचा वास आहे, आणि या वासात ज्यांची सत्तावीस वर्षं गेली ते काका आता गेटासमोरच्या टपरीवर चहा घेत बसतात.

काका पॅनवर होते. पॅन म्हणजे उकळत्या पाकात साखरेचा दाणा जिथे धरतो ती अवाढव्य टाकी. तिच्यातून थेंबभर नमुना काचेवर घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि दाणा कुठवर आला ते सांगायचं. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

चुकला तो पेन्शनचा.

गावात पेन्शन म्हटलं की आधी गुरुजी आठवतात, नाहीतर तलाठी भाऊसाहेब. शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता. काकांनी तोच हिशेब धरला होता. पण कारखान्यातल्या कामगाराला मिळते ती ईपीएस-९५, म्हणजे १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली कर्मचारी पेन्शन योजना. नाव तेच, घराणं वेगळं. इथे महागाई भत्ता नाही.

(दृश्य : पत्र्याची पेटी उघडते. पिवळ्या पडलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या.)

पगारातून कामगाराचे बारा टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, तेही पगार जास्तीत जास्त १५,००० धरून. म्हणजे महिन्याला साडेबाराशे. पगार चाळीस हजार झाला तरी तेवढेच. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ६,५०० होती.

सूत्र सोपं आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरीने धरतात. पण मर्यादा मध्येच बदलली, म्हणून काकांची सप्टेंबर २०१४ च्या आधीची १८ वर्षं साडेसहा हजारांनी मोजली, नंतरची ९ पंधरा हजारांनी. झाले ३,६००. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली म्हणून दोन वर्षं बक्षीस धरली जातात, तरी आकडा चार हजारांच्या आसपासच. काकांनी तो तीनदा मोजला.

आणि हे नशीबवान म्हणायचे. किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. ती वाढावी म्हणून बुलडाण्यात पेन्शनर साखळी उपोषणाला बसले. हजार रुपयांत महिन्याची बीपी-शुगरची औषधंसुद्धा येत नाहीत, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

(दृश्य : पेटीच्या तळातून निघालेलं हंगामी कामगाराचं ओळखपत्र.)

आता या कार्डाकडे नीट बघा. काका सुरुवातीला हंगामी होते. वर्षातले पाच-सहा महिने काम, मग पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की घरी. त्यांना वाटायचं, दोन हंगाम मिळून एक वर्ष धरतील. तसं नाही. हंगामी कामगाराने हंगामात केलेलं काम नियमानुसार पूर्ण वर्ष धरलं जातं. ही एक ओळ माहीत नसल्यामुळे कितीजण "माझी दहा वर्षं भरतच नाहीत" म्हणून गप्प बसले असतील!

दहा वर्षं हा इथला उंबरठा आहे. साडेनऊ झाली तरी दहा धरतात. त्याच्या आत नोकरी सुटली तर दहा-सी फॉर्म भरून पैसे काढता येतात, आणि बहुतेकजण तेच करतात. लेकीचं लग्न, बोअर, घराचा स्लॅब, कारणं खरीच असतात. पण पैसे काढले की ती वर्षं पुसली जातात. त्याच फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. मग जुनी वर्षं पुढच्या नोकरीला जोडली जातात.

वय ५८. कारखाना साठीपर्यंत कामावर ठेवत असला तरी पेन्शनचा हक्क ५८ ला लागतो आणि नोकरी चालू असतानाही ती घेता येते. थांबलात तर साठीपर्यंत दर वर्षाला चार टक्के वाढ मिळते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके चार-चार टक्के कापतात, आणि ते कायमचे.

(दृश्य : नातू मोबाईलवर अर्ज भरतोय. काका शेजारी.)

अर्ज दहा-डी. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आणि आधार जोडलेलं असेल तर घरबसल्या भरता येतो. बँक पासबुक, पती-पत्नीचा एकत्र फोटो आणि नोकरी सोडल्याची तारीख नोंदलेली हवी. कारखाना बंद पडलेला असेल तर फॉर्मवर बँक मॅनेजरची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते.

काकांचा अर्ज अडला नावावर. कारखान्याच्या रजिस्टरात दत्तू, आधारवर दत्तात्रय. जन्मतारीख दोन्हीकडे १ जून, ही गुरुजींची कृपा. शाळेत घालताना अख्ख्या वर्गाला तीच दिलेली. नावासाठी कारखान्याच्या सहीने जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे नोंद दुरुस्तीचा अर्ज, भरावं लागलं. हे काम नोकरीत असतानाच उरकून घ्यावं, तेव्हा टाइम ऑफिसमधला माणूस आपल्याला ओळखतो तरी.

कागद पूर्ण असतील तर वीस दिवसांत निकाल लागला पाहिजे, असं योजनेतच लिहिलंय. नाही लागला तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफ कार्यालयाचं "निधी आपके निकट" शिबिर भरतं. तिथे तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

काकूंना हे सगळं ऐकून एकच विचारायचं होतं, पण त्या विचारेनात. उत्तर निम्मी, असं आहे. काकांच्या माघारी पेन्शनची निम्मी रक्कम त्यांना मिळेल.

(दृश्य : ओसरी. दुपार.)

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ईपीएसवाल्यांना आता नोव्हेंबरची सक्ती नाही. दिल्या दिवसापासून बारा महिने चालतो. चुकला तर पेन्शन थांबते. काकांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, पार झिजलेत. म्हणून नातू चेहऱ्याने करतोय.

"आबा, मोबाईलकडं बघून डोळं मिटा-उघडा."

"आरं, मी हाय की तुज्या म्होरं बसलेला. त्याला आनि पुरावा कसला पायजे?"

"त्याला पायजे, मला न्हाई."

काका बघत राहतात. सत्तावीस वर्षं काचेवरचा दाणा बघताना पापणी हलू द्यायची नाही, ही सवय. पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी काकू आतून म्हणतात, "अवं, मारा की डोळा एकदाचा!"

काका हसतात. मेसेज येतो.