खायला की सोडायला?

[दृश्य: पहाट. गोदाघाट. धुणं आपटल्याचा आवाज. कॅमेरा हळूहळू बाजाराकडे वळतो.]

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणतात ते अर्जात आणि भाषणात. एरवी ती गंगा. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हटलं की घरात कुणी पुढचं विचारत नाही.

भांडी बाजाराकडून गंगेवर उतरताना मध्येच एक बोळ फुटते. त्या बोळीत तिसरं दुकान काकांचं. रुंदी साडेपाच फूट असेल नसेल. वर पाटी होती, ‘गळाचे सामान मिळेल’. सप्टेंबर २००८ च्या पुरात पाटीचा कोपरा गेला आणि उरलं, ‘ळाचे सामान मिळेल’. काकांनी ती पुन्हा रंगवली नाही. आत बसलेल्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. त्यामुळे नवखं गिऱ्हाईक टाळ मागायचं. पौषात त्र्यंबकेश्वराला निवृत्तीनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या तर हमखास. काका उठून बाहेर यायचे आणि टाळाचं दुकान कुठे आहे ते हातवारे करून सांगायचे. मग परत आत येऊन गळ मोजायला बसायचे.

होय, माळकरी माणूस आणि गळाचं दुकान. मासा तोंडात घालायचा नाही आणि मासा धरायचं सामान विकायचं. यावरून त्यांना आयुष्यभर चिडवलं गेलं. वडील भोई, गंगेत फेकजाळं टाकून पोट भरलेलं. माळ आईकडून आली, धंदा बापाकडून. दोन्ही कसं जमतं, असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, ‘कुठं जमतंय?’

[दृश्य: छोट्या लाकडी खणांचं कपाट. प्रत्येक खणावर चिकटवलेली चिठ्ठी.]

मी पहिल्यांदा त्या दुकानात गेलो तेव्हा सातवीत होतो. मला सगळ्यात मोठा गळ हवा होता, म्हणून मी ऐटीत म्हणालो, ‘वीस नंबर द्या.’ काकांनी तळहातावर काहीतरी ठेवलं. नीट बघितल्यावर कळलं, मुंगीच्या पायाएवढा गळ आहे.

गळाचा हिशेब उलटा असतो. आकडा जितका मोठा, तितका गळ लहान. वीसपेक्षा दहा मोठा, दहापेक्षा दोन मोठा, दोनपेक्षा एक मोठा. एकच्या पुढे मग एक-शून्य, दोन-शून्य, तीन-शून्य असं सुरू होतं आणि तिथून आकड्याबरोबर गळही वाढतो. हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याच दिवशी तो प्रश्नही पहिल्यांदा ऐकला.

‘खायला की सोडायला?’

त्या दुकानातून एकही गळ या प्रश्नाशिवाय बाहेर पडला नसेल. गिऱ्हाईक पोलीस असो, कॉलेज रोडचा डॉक्टर असो, नाहीतर गंगापूरच्या बाजूचा रोजचा मासेवाला असो. ‘खायला’ म्हटलं तर काका गळ पुडीत बांधून द्यायचे आणि एवढंच सांगायचे, ‘वितीपेक्षा लहान असला तर परत टाक, पुढच्या वर्षी भेटेल.’ ‘सोडायला’ म्हटलं तर पक्कड उचलायचे.

गळाच्या टोकाशी आतल्या बाजूला एक उलटा काटा असतो. मासा लागला की तो सुटू नये, हे त्या काट्याचं काम. मासा सोडताना हाच काटा मांस फाडतो. काका पकडीनं तो काटा दाबून सपाट करायचे, बोट फिरवून बघायचे आणि मगच गळ द्यायचे. एका गळाला अर्धं मिनिट. डझनभर घेतले तर मागचं गिऱ्हाईक कंटाळून निघून जायचं. जाऊ दे म्हणायचे.

मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक ‘खायला’च म्हणालो असणार. घरी आई मासा शिजवू देणार नव्हती, ही गोष्ट वेगळी.

[दृश्य: गंगापूर धरणाचं पाणलोट. सकाळचं धुकं. पाण्यावर एकटी काठी.]

शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरण. मातीचं, १९६५ साली पूर्ण झालेलं. त्याच्या पाण्यावर नाशिक जगतं, हे आपण जाणतोच. पण त्या पाण्यात कोण जगतं? रोहू, कटला, मृगळ. हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांमधले. धरणांमध्ये त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडतात. काका हसून म्हणायचे, ‘त्या गंगेतले पाहुणे या गंगेत.’ चिलापी तर थेट आफ्रिकेची, भारतात १९५२ साली आणलेली, आता हटता हटत नाही. आपली म्हणावी अशी मरळ, वाम, शिंगाडा. धरणातली मासेमारी मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्यानं देतात. हौसेनं गळ टाकणाऱ्याला काका आधी ठेकेदार संस्थेच्या माणसाला विचारून यायला लावायचे. ‘त्याचं पोट आहे, तुझी सुट्टी आहे.’

मरळीबद्दल मात्र काका फार कडक होते. मरळ हवेतला श्वास घ्यायला वर येते, त्यामुळे कुठे आहे ते कळतं. पावसाळ्यात तिची पिल्लं तांबूस ठिपक्यांच्या घोळक्यानं पृष्ठभागाशी फिरतात आणि खाली आईबाप राखणीला असतात. त्या घोळक्यावर काहीही टाकलं की राखणीतला मासा चवताळून येतो. भूक नसतानाही येतो. गळ टाकणाऱ्याला याहून सोपी शिकार नाही. एकदा एक तरुण दुकानात मोबाइलवर असाच फोटो दाखवत होता. मोठी मरळ, रुंद हसू. काकांनी फोटो बघितला, पाण्यावरचे तांबडे ठिपके बघितले आणि त्याला त्या दिवशी काहीच विकलं नाही. आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, ‘आता त्या पोरांना चिलापी खाईल.’ तो तरुण पुन्हा आला. दोन महिन्यांनी, पण आला.

[दृश्य: टेबलाला आवळलेला छोटा लोखंडी शिकंजा. त्यात गळ. म्हातारे हात दोरा गुंडाळताहेत. जुनं घरगुती चित्रीकरण.]

आता पिसांची गोष्ट.

देवळाली कॅम्पात राहणारे एक निवृत्त फौजी साहेब दुकानात यायचे. ब्रिटिशांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. काहींच्या डोक्यावर परिणाम व्हायचा. त्यावरून इंग्रजीत वेडसराला ‘डूलाली’ म्हणायला लागले. साहेब स्वतःला अभिमानानं डूलाली म्हणवून घ्यायचे, कारण त्यांना फ्लाय फिशिंगचा, म्हणजे पिसांच्या खोट्या माशीवर मासा धरायचा, नाद होता. नाशिकमध्ये. जिथे गांडूळ आणि कणकेच्या गोळीपलीकडे कुणी चारा पाहिला नव्हता.

साहेबांनी त्यांचा जुना शिकंजा आणि एक पेटी काकांना देऊन टाकली. पेटीत गळांवर पिसं बांधून केलेल्या खोट्या माश्या आणि किडे होते. घरमाशीतली माशी हं, मासा नव्हे. काकांनी एक उचलली, उलटसुलट बघितली आणि विचारलं, ‘म्हणजे गांडूळ टोचायचं नाही?’

मला वाटतं, माळेचं आणि धंद्याचं जे इतकी वर्षं जमत नव्हतं ते त्या क्षणी थोडं जमलं. काकांनी असं कधी म्हटलं नाही. हा माझा अंदाज.

परदेशी सामान परवडणारं नव्हतं. मग शोधाशोध सुरू झाली. कोंबडीवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची पिसं, लांब आणि चमकदार. अंगासाठी हिरवी लोकर. दोऱ्याच्या गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. आणि वरून गुंडाळायला चमचमती तार हवी, कारण पाण्यात छोट्या जीवाचं अंग तसंच चमकतं. ती तार आली येवल्याहून. पैठणीच्या मागावर उरलेले जरीचे तुकडे, हातभर लांबीचे, विणकराला निरुपयोगी. आठ नंबरच्या गळावर हिरवी लोकर, वर जरीचे चार वेढे, गळ्याशी तांबूस पीस. काकांनी तिचं नाव ठेवलं पैठणी. गंगापूरच्या पाण्यात पैठणीला पहिली लागली ती चिलापीच, तळहाताएवढी. काका दिवसभर ते सांगत फिरले.

पण पीस फेकायचं कसं? साध्या गळाला शिसं लावतात. शिसं पुढे जातं, तंगूस त्याच्यामागे ओढली जाते. पिसाला वजनच नाही. म्हणून इथे वजन दोरात असतं. दोर जाड, टोकाकडे निमुळता, आणि शेवटी कित्येक फूट बारीक तंगूस. काठी मागे नेली की दोर डोक्यावरून मागे उडतो. तो मागे पूर्ण ताणला जाईपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. घाई केली तर दोर आसुडासारखा फटकारतो आणि पीस तुटून जातं. उशीर केला तर सगळं पायाशी गोळा. काठी घड्याळाच्या दहा आणि दोनच्या मध्येच फिरवायची.

हे सगळं काका गौरी पटांगणावर शिकवायचे. बुधवारचा बाजार सोडून कुठल्याही संध्याकाळी. टोकाला गळ नाही, नुसता लाल लोकरीचा गोंडा. समोर पाणीही नाही, फरशी. श्राद्धाला आलेली माणसं, भेळवाले, गुरुजी, सगळे थांबून बघायचे. माळ घातलेला म्हातारा कोरड्या फरशीवर दोर उडवतोय. एकदा एका आजींनी विचारलं, ‘हा कुठला विधी?’

मासा सोडतानाचा धडा मात्र पाण्यातच. ‘हात आधी ओले कर.’ माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, रोगापासून तोच त्याला राखतो. कोरड्या हातानं धरलं की तो निघून येतो. ‘आणि त्याला बाहेर काढलास की तूही श्वास धर. तुझा संपायच्या आत त्याला आत टाक.’ मी करून बघितलंय. फोटो काढायला वेळ उरत नाही.

महाशीर त्यांना कधी लागला नाही. दख्खनी महाशीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये केलं, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज त्या पाण्याची अवस्था सांगायला नको. काकांनी महाशीर बघितला तो देहूला, इंद्रायणीच्या डोहात. तिथे त्याला कुणी धरत नाही. काका पायरीवर बसून तासभर लाह्या टाकत होते, असं त्यांच्या सौ. सांगतात. ‘तुकोबांच्या दर्शनाला गेलो होतो की माशांच्या, तेच कळेना.’

[दृश्य: पूर. दुतोंड्या मारुती, छातीपर्यंत पाणी.]

पूर किती आला हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून सांगतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की काका खण काढायला लागायचे. २००८ ला उशीर झाला, पाटी गेली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये वेळेवर हलवलं, तरी खालचे दोन खण गेले. गंजलेले गळ त्यांनी फेकले नाहीत, पुरून टाकले. गाईम्हशींच्या पायात जायला नकोत म्हणून.

पावसाळ्यात तसंही दुकान अर्धंच असायचं. मृग लागला की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, अंडी घालायला. चढणीचे मासे धरणं सगळ्यात सोपं, म्हणून तेव्हा मागणीही सगळ्यात जास्त. नेमकं तेव्हाच काका मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गळ विकायचे नाहीत. शटर अर्धं वर, फक्त रीळ दुरुस्ती. समुद्रावरची पावसाळी बंदी सरकारची असते, ही बंदी त्यांची स्वतःची. बोळीच्या टोकाला दुसरं दुकान होतं, ते या दोन महिन्यांवर वर्ष काढायचं. काकांना ते ठाऊक होतं. काकूंनाही ठाऊक होतं, आणि त्यांचं यावर वेगळं मत होतं. ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं नाही, चहा देताना सांगितलं.

[दृश्य: रामकुंड परिसर. दहाव्याचा विधी.]

गेल्या फाल्गुनात काका गेले. दहाव्याला घाटावर जे लोक जमले, त्यांना एकत्र बघून गुरुजीही गोंधळले. भोई, वकील, देवळालीचे दोन फौजी, इंजिनिअरिंगची पोरं, दिंडीतले टाळकरी. पिंड ठेवला. कावळा शिवेना. अर्धा तास गेला. कुणी म्हणालं, दुकान चालू ठेवू म्हणा. म्हटलं. कुणी म्हणालं, मृगात विकणार नाही म्हणा. तेही म्हटलं. कावळे समोरच्या झाडावर निवांत. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. मागून एक म्हातारा भोई पुटपुटला, ‘लवकर उठणारा माणूस नव्हताच तो.’ घाटावर, दहाव्याला, आम्ही सगळे हसलो.

[दृश्य: दुकान. शटर वर होतं. कपाट एकटं.]

दुकान काकांच्या मुलानं भाड्यानं दिलंय. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतील. पाटी अजून तीच आहे. कपाट मात्र माझ्याकडे आलं. खणांवर काकांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या आहेत, काही पुरानं पुसट झालेल्या. वाचता येतात तेवढ्या वाचतो.

‘दोन-शून्य. वाम. रात्री. बॅटरी ने.’

‘नंबर सहा. मरळ. पिल्लं नसतील तर.’

‘नंबर आठ. पैठणी. जरीची तार संपत आली, येवल्याला सांगणे.’

‘नंबर चौदा. पोरांना शिकायला. काटा दाबलेला आहे. पैसे नंतर.’

या शेवटच्या खणात अकरा गळ आहेत. अकराही दाबलेले.