दुष्काळानंतरचं धृपद

अध्यक्षमहाराज, विषय दिला आहे ‘दुःखात श्रद्धा कशी टिकवावी’ आणि वेळ दिलाय पाऊण तास. सत्कारात पंधरा मिनिटं गेली, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. म्हणजे, आधी एक तक्रार.

कुणाकडे भेटायला गेलं की चार माणसांतला एक हमखास म्हणतो, ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली!’ घरात अजून दहावाही झालेला नसतो. अहो, तुकोबा हे कधी म्हणाले? १६३०च्या सुमाराचा तो दुष्काळ. सावकारी बसली, बाजारातली पत गेली, पहिली बायको गेली, परंपरा सांगते की मुलगाही गेला. हे सगळं मागे पडल्यावर, अनुताप होऊन चित्त ठिकाणावर आल्यावर त्यांना ‘बरें’ म्हणता आलं. ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं. शेजाऱ्याच्या नाही!

दुःखाच्या ऐन वेळी त्यांना काय वाटलं ते ऐकायचं असेल तर ‘याती शूद्र वैश केला वेवसाय’ हा अभंग काढा. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ पुढे, ‘लज्जा वाटे जीवा, त्रासलों या दुःखें.’ इथे देवाची इच्छा वगैरे काही नाही. लाज आणि त्रास, एवढंच.

जाता जाता, ‘बाईल कर्कशा’ त्याच ‘बरें जालें’त येतं आणि कीर्तनात तिथे हमखास हशा पिकतो. पण तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर असताना तिथे भाकरी पोचवायची ती हीच बाईल, त्यांची दुसरी बायको जिजाई, असं परंपरा सांगते. दुष्काळातून उठलेलं घर कुणीतरी चालवायला हवं होतं ना? श्रद्धेचा विचार करताना तिचाही हिशेब मांडा. (टाळ्या नकोत, वेळ जातो.)

वेळ संपत आल्याची पहिली चिठ्ठी आली. बरं, मूळ मुद्दा.

त्याच ‘याती शूद्र’ अभंगात तुकोबांनी पुढे काय काय केलं ते क्रमानं सांगितलंय. आणि आधी आलंय ते हाताचं काम: ‘देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें.’ घर मोडलेलं असताना माणूस पडकं देऊळ उभं करायला घेतो! मग एकादशीचं कीर्तन, आणि लगेच कबुली, ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं.’ मन लागत नव्हतं, तरी सुरुवात केली. मग ‘कांहीं पाठ केलीं संतांची उत्तरें.’ ‘कांहीं’! आमची गडबड इथेच होते. दुःख झालं की उत्साहानं ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं पारायण धरतात. ओव्या नऊ हजारांवर, म्हणजे रोज तेराशेच्या आसपास. तिसऱ्या दिवशी घसा बसतो, चौथ्या दिवशी पारायण सुटतं, आणि वर ‘देवाचंही आपल्या हातून झालं नाही’ ही टोचणी. त्यापेक्षा एक अभंग घ्या, तोच पंधरा दिवस. नेम केवढा, तर तापातही निभेल एवढा.

आणि आता माझा लाडका चरण: ‘गाती पुढें त्यांचें धरावें धृपद.’ पुढच्यानं कडवं म्हणायचं, मागच्यांनी धृपद, म्हणजे पालुपद, उचलायचं. ज्याचा आवाज फुटत नाही त्याच्या वाटणीचं इतर म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला त्याचे ओठ हलतात, नाही हलले तरी भजन अडत नाही. म्हणून दुःखी माणसाला एकट्याला ध्यानाला बसवू नका. भजनात न्या, टाळ देऊन मागच्या ओळीत बसवा, आणि ‘कसं वाटतंय?’ विचारू नका.

दुसरी चिठ्ठी! एकच राहिलं. देवावर राग आला तर श्रद्धा गेली असं धरू नका. ‘माझे लेखीं देव मेला, असो त्याला असेल’ हेही तुकोबांचंच. तेच तुकोबा पुढे वह्या बुडवाव्या लागल्या तेव्हा काय करतात? ‘बुडविल्या वह्या, बैसलों धरणें.’ धरणं धरतात, तेही देवाच्याच दारात. दार सोडून जात नाहीत. घरातला माणूस देवाला बोल लावत असेल तर त्याला गप्प करू नका, बोलू द्या. एकादशीला मात्र त्याला हाक मारायची, आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या एकादशीला पुन्हा.

तिसरी चिठ्ठी वाचत नाही. चहा गार होतोय, प्रश्न तिकडेच विचारा.