दुधाचे दात

(दृश्य: सकाळ. फरशीवरून सपाता ओढत नेणारं कुत्र्याचं पिल्लू.)

चिंगी साडेतीन महिन्यांची आहे. आजवर दोन पायजमे आणि सपातांचा एक जोड तिने निकालात काढलाय. आजोबांच्या मनगटावर तर ओरखड्यांची जाळीच आहे. शेजारच्या काकू म्हणून गेल्या, "चावरी निघाली हो तुमची!"

चावरी नाही, दात पडायला आलेत तिचे. पिल्लाचे दुधाचे दात 28, आणि सुईसारखे टोकदार. सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, मग जे समोर येईल ते तोंडात.

किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे पिल्लू भावंडांशी दंगा करताना शिकतं. फार लागलं की भावंड केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चिंगी सापडली ती खोक्यात, एकटी, जेमतेम पाच आठवड्यांची. तो धडा तिचा अर्धाच राहिला.

(दृश्य: पलंग. चादरीखाली हलणारी बोटं. चिंगीची झडप.)

हे आजोबा. रोज दुपारी चादरीखाली बोटं नाचवतात, आणि संध्याकाळी तिने नातीचा हात धरला की ओरडतात. पिल्लाने यातून काय समजायचं?

दात लागला की हात झटकू नका. पळणारी वस्तू धरायचीच असते, हे तिला जन्मतः ठाऊक आहे. हात सैल सोडा, खेळ तिथेच थांबवा आणि अर्धा मिनिट पाठ फिरवून उभे राहा. मग दोरी द्या, किंवा ओला करून फ्रीजरमध्ये कडक केलेला जुना टॉवेल. हिरड्यांना गार बरं वाटतं. नाकावर चापट मारणं, जबडा दाबून धरणं हे जुने उपाय सोडाच. त्याने पिल्लू एक तर बिचकतं, नाही तर जास्तच चवताळतं.

दिवेलागणीला ती घरभर उधळते, तेव्हा पुष्कळदा तिला झोप हवी असते. एवढं पिल्लू दिवसाचे अठरा तास सहज झोपतं.

(दृश्य: पुढचे पाय टेकून, मागची बाजू वर करून वाकलेली चिंगी.)

हे खेळाचं आमंत्रण. अंग सैल, कंबरेसकट शेपूट हलतेय. अंग ताठ, नजर रोखलेली, ओठ वर गेलेले असले, तर मात्र लांब व्हा आणि पशुवैद्यांना विचारा.

खेळात का होईना, दाताने ओरखडा उठला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पिल्लाची स्वतःची ही लस साधारण तीन महिन्यांनंतरच होते, त्यामुळे "घरचंच तर आहे" म्हणून थांबू नका.

(दृश्य: केरसुणी. सुपलीत तांदळाएवढं काहीतरी पांढरं.)

बहुतेक दात पिल्लं गिळूनच टाकतात. हा एक सापडला. आजोबांनी तो चष्म्याच्या डबीत ठेवलाय. दुपारी चादरीखाली आता बोटं नसतात, दोरीचं टोक असतं.