चारशे अठ्ठ्याण्णव गेलं, कागद राहिला

नमस्कार, श्रोतेहो. इंदूरच्या घराघरांत अजून ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावली’ असंच म्हणतात. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ केला, तर लागणारं हे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४९८-अ. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ झालं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. त्याआधी घडलेल्या छळाला जुनंच कलम लागतं. खरा बदल झालाय तो थान्यातल्या, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या, कामात.

मुलगी पुण्याला दिलेली, मार खाऊन इंदूरला माहेरी आली, तर तक्रार इथेच देता येते. २०१९ च्या रूपाली देवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय. ‘आमची हद्द नाही’ म्हणून थान्याला परत पाठवता येत नाही. ऑनलाइन तक्रार दिलीत, तर तीन दिवसांत जाऊन सही करा. पोलीस आधी प्राथमिक चौकशी करू शकतात, पण डीएसपीच्या (पोलीस उपअधीक्षकाच्या) परवानगीनं आणि १४ दिवसांत. ती समेटाची बैठक नव्हे, हे लक्षात असू द्या.

प्रकरण ढिलं पडतं ते बहुधा पहिल्या कागदापाशी. ‘सासरच्या सर्वांनी मानसिक व शारीरिक छळ केला’ हे वाक्य अर्ज लिहिणाऱ्यांना तोंडपाठ असतं. डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण प्रकरणात असल्या मोघम आरोपांवरचा गुन्हा रद्द झाला. कोणी, कधी, कशानं मारलं, किती पैसे मागितले, समोर कोण होतं, ते लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘गौरी जेवल्या त्या रात्री’ असं लिहा. अंदाजे ठोकलेली तारीख उलटतपासणीत गळ्यात येते. परगावच्या नणंदेचं नाव उगाच भरतीला नको. आणि दवाखान्यात लाजेनं ‘जिन्यावरून पडले’ सांगितलंत, तर केसपेपरवर तेच राहतं.

धमक्यांचे मेसेज असलेला फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही; २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं, त्यातला दुसरा भाग तज्ज्ञ भरतो.

फौजदारी गुन्ह्यातून राहायला घर मिळत नाही, खर्चही नाही. त्यासाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे कलम १२ चा अर्ज. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरण बायकांना उत्पन्न न विचारता मोफत देतं. कलम १२ च्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. पेश्या, म्हणजे कोर्टाच्या तारखा, लांबतात, हे तुम्हीही जाणता. म्हणून त्याच दिवशी कलम २३ चा अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या आदेशासाठीचा) अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडा. संरक्षणाचा आदेश मिळाला, की त्याची प्रत पर्समध्ये ठेवा. तो मोडणं दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. प्रत घेऊन सरळ थान्यात जा.